वाचकांचे प्रश्न : पुढे कोंबडीचं चित्र, मागे काय?

प्रश्न : माझी नणंद ऑस्ट्रेलियात असते. दिवाळीत येताना तिने चिकनच्या सुपाचे, म्हणजे तिकडच्या ‘बोन ब्रॉथ’चे सहा खोके आणले. फ्रीजशिवाय वर्षभर टिकतात. गंगापूर रोडवरच्या आमच्या जिममध्ये दोन वाटले, तर रोज विचारणा सुरू. तिला शंभरेक खोके दुकानातून घेऊन पाठवायला सांगू का? फूड लायसन्स काढलं की झालं ना? आणि उरलेले चार खोके विकले तर चालतील का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ते चार खोके घरीच संपवा, ताई. बॅगेतून स्वतःसाठी आणलेला खाऊ विकायला काढला की तो विनापरवाना आयात केलेला माल होतो.

लायसन्सचं म्हणाल तर तो सगळ्यात सोपा भाग. आयातदाराला एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, केंद्रीय लायसन्सच लागतं, मग माल शंभर खोके असो की शंभर कंटेनर. इथल्या विक्रीसाठीचं रजिस्ट्रेशन आयातीला चालत नाही. त्याच्या जोडीला डीजीएफटीचा, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाचा, आयात-निर्यात कोड. दोन्ही ऑनलाइन होतं.

खरी ग्यानबाची मेख ‘दुकानातून घेऊन’ या शब्दांत आहे. सुपात मांसाचा अर्क असला की केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचा सॅनिटरी इम्पोर्ट परमिट लागणार असं धरूनच चाला, आणि माल जहाजावर चढण्याआधी हा परवाना हातात हवा, नंतर नाही. माल कुठल्या कारखान्यात तयार झाला ते दाखवावं लागतं. तिथल्या सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. शिवाय १ फेब्रुवारी २०२३ पासून मांसजन्य पदार्थ भारतात पाठवणाऱ्या परदेशी कारखान्याची एफएसएसएआयकडे नोंदणी असावी लागते. सुपरमार्केटच्या बिलावर यातलं काहीच नसतं. नणंदेने कितीही जीव टाकला तरी हे कागद कारखानाच देऊ शकतो, आणि शंभर खोक्यांसाठी कोणता कारखाना तुमच्या ईमेलला उत्तर देईल?

समजा दिलं. मग लेबल. मी बावीस वर्षं न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंग एजंटाकडे, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवणाऱ्याकडे, कागद केले, तेव्हा हे स्वतःच्या फजितीवरून सांगते. एका पार्टीचा चिकन स्टॉक पावडरचा माल होता. मी फोटो मागवला, त्यांनी डब्याच्या पुढच्या बाजूचा पाठवला : छान लाल तुऱ्याची कोंबडी. इन्व्हॉइसवर चिकन, पॅकिंग लिस्टवर चिकन. माल उतरला, तपासणीला डबा उघडला, अधिकाऱ्यांनी तो उलटा केला आणि चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. मीठ, साखर, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, आणि चौथ्या नंबरला ‘बीफ फॅट’. बीफ किंवा बीफ असलेला कोणताही पदार्थ आयात करायला आपल्याकडे बंदी आहे; त्यात ‘जरासं’ असं काही नसतं. इतकंच नव्हे, ग्राहकांसाठीच्या बंद पॅकवर यात कोणत्याही स्वरूपात बीफ नाही, असं छापलेलंही लागतं. परत पाठवायचं भाडं मालाच्या किमतीच्या वर जात होतं. शेवटी सगळा माल नष्ट केला, आणि तोवर चढलेलं गोदामाचं भाडं पार्टीने भरलं. मला कोणी बोललं नाही, पण मागच्या बाजूचा फोटो मागायचं काम माझंच होतं.

लेबलवरच्या काही चुका कस्टम्सच्या बाँडेड, म्हणजे माल सुटेपर्यंत ठेवायच्या, गोदामात स्टिकर लावून सुधारता येतात : आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि लायसन्स नंबर, मांसाहाराचं चिन्ह. (ते चिन्ह आता तपकिरी चौकोनातला तपकिरी त्रिकोण आहे, जुना गोल टिपका डिझायनर लोक अजून हौसेने टाकतात.) घटकांची यादी, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी, बॅच नंबर यांना मात्र स्टिकर चालत नाही. ते छापलेलं नसेल तर माल गेला.

मुदतीचा हिशोब बहुतेक जण चुकवतात. नियम असा : आयातीच्या वेळी मुदतीचा ६० टक्के भाग शिल्लक हवा किंवा एक्स्पायरीला तीन महिने हवेत, यातलं जे कमी असेल ते. वर्षभर टिकणाऱ्या सुपाचे ६० टक्के म्हणजे सात महिन्यांच्या वर, म्हणून तुम्हाला तीन महिन्यांची अट. वाचताना सुटल्यासारखं वाटतं. पण नमुने प्रयोगशाळेत जातात, त्यात दिवस जातात, मग ट्रक भिवंडी, कसारा घाट करत नाशिकला. पुढे ऑनलाइन विकायचं म्हटलं तर ग्राहकाच्या हाती पडताना किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत राहील असं बघा, अशी एफएसएसएआयची सूचना आहे. तीन महिने उरलेला माल जिमवाल्यांना अर्ध्या किमतीत द्यावा लागेल. एमआरपी, तक्रारीसाठी फोन नंबर ही वैधमापनशास्त्राची, म्हणजे वजनमापांच्या कायद्याची, पीडा आणखी वेगळी.

शंभर खोक्यांसाठी हे सगळं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यापेक्षा असा माल आधीच आणणाऱ्या आयातदाराकडून पक्क्या बिलावर घ्या, इथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे विक्रेता म्हणून नोंदणी करा आणि विका. घेताना एक खोका उलटा करून बघाच.

प्रश्न : बाहेरून कशाला मागवायचं? मी घरीच मटणाचं अळणी दोन तास उकळून गरम असतानाच काचेच्या बाटल्यांत भरलं, तर कपाटात महिनाभर राहील का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : नाही, आणि विकू तर मुळीच नका. मांसाच्या रश्शाला आंबटपणा नसतो. त्याचा पीएच ४.६ च्या वर, आत हवा नाही, बाहेर नाशिकचा एप्रिल : बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूला याहून चांगलं घर नाही. त्याचे बीजाणू नुसत्या उकळीने मरत नाहीत, त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास ठरावीक वेळ लागतो. कारखान्यात बंद पाकिटं रिटॉर्टमध्ये, म्हणजे एका मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, घालून तेच करतात. आपलं नाशिक तर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, इथे पाणी शंभरच्याही थोडं आधीच उकळतं. दोनचे चार तास केलेत तरी भांड्यातलं तापमान तेवढंच राहणार. आणि हे विष तयार झालं तरी बाटलीचा वास, रंग बदलेलच असं नाही. अळणी गार करून डब्यांत भरा, फ्रीजरमध्ये ठेवा, आणि देताना खळखळून उकळी आणून द्या.