वाचकांचे प्रश्न : मोटारसायकलचं कोटेशन नेमकं कुठे कापायचं?

प्रश्न : १२५ सीसीची गाडी पक्की केली आहे. शोरूमने दिलेलं कोटेशन असं : एक्स-शोरूम (नोंदणी आणि विम्याआधीची किंमत) १,००,०००, आरटीओ १४,५००, विमा ९,८००, हँडलिंग १,५००, एसेन्शियल किट ४,२००, वाढीव वॉरंटी आणि आरएसए (रस्त्यात गाडी बंद पडल्यास मदत) २,३००. ऑन-रोड १,३२,३००. सेल्समन म्हणतो, किंमत कंपनीची आहे, एक रुपया कमी होणार नाही. किती कमी करून मागावेत? – एक वाचक, भांडुप

उत्तर : सेल्समन एक्स-शोरूमबद्दल बोलतोय आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर आहे. त्या आकड्यात डीलरचं मार्जिन मुळातच बेताचं असतं. कंपनीच्या साइटवरची मुंबईची किंमत आणि हा आकडा जुळतो का, एवढं पाहून ती ओळ सोडून द्या. मित्राच्या जुन्या बिलाशी मात्र तुलना करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. घासाघीस करायची ती खालच्या पाच ओळींवर.

आरटीओ : ९९ ते २९९ सीसीच्या दुचाकीला महाराष्ट्रात एकरकमी कर ११ टक्के, म्हणजे तुमचे ११,००० रुपये. नोंदणी शुल्क ३००, स्मार्ट कार्डाचे २००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे ५००. किरकोळ धरूनही हे १२,००० च्या आसपास थांबतं. वरचे अडीच हजार कशाचे, ते विचारा. ‘एजंटचे’ असं उत्तर आलं तर मान्य करू नका. नव्या गाडीची नोंदणी डीलर स्वतःच्या कॉम्प्युटरवरून ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत करतो, गाडी आरटीओत न्यावी लागत नाही. ‘कराची ऑनलाइन पावती निघेल तेवढेच देईन’ हे वाक्य पुरेसं आहे.

विमा : सगळ्यात जास्त हवा याच ओळीत भरलेली असते. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा पाच वर्षांचा सक्तीचा आहे आणि त्याचा दर ठरलेला आहे. ७५ ते १५० सीसीला ३,८५१, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४,५४४ रुपये. यात कुणी सूट देत नाही आणि कुणी जास्तही मागू शकत नाही. उरतात ५,२५६. ते ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा), झीरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा यांचे. ओन डॅमेज एक वर्षाचा आहे की पाच वर्षांचा, ते आधी पाहा. नवी गाडी असल्याने आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ९५,००० च्या आसपास, एक्स-शोरूमच्या पाच टक्के खाली हवी. एक वर्षाचा ओन डॅमेज मूळ दरानेही एवढ्या गाडीला दीड-पावणेदोन हजारांवर जात नाही आणि त्यावर कंपन्या सूट देतात. तुमच्याकडे १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल तर तो भाग वगळता येतो.

विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. पण बाहेरून पॉलिसी काढायला चासी आणि इंजिन नंबर लागतात आणि ते देताना काउंटरवर हमखास ‘उद्या सांगतो’ सुरू होतं. म्हणून बुकिंगच्या पावतीवरच लिहून घ्या : विमा ग्राहक स्वतः काढणार, गाडी वाटप होताच नंबर देणे. बाहेरचं कोटेशन हातात असलं की बहुतेक डीलर त्याच रकमेला यायला तयार होतात. तसं झालं तर त्यांच्याकडूनच घ्या, कागदपत्रांची धावपळ वाचते.

हँडलिंग : ही ओळ काटा. गाडी शोरूमपर्यंत आणणं आणि धुऊन-पुसून देणं एक्स-शोरूममध्येच धरलेलं असतं.

किट : प्रत्येक वस्तू आणि तिची किंमत वेगळी लिहून मागा. साडी गार्ड, मागे बसणाऱ्याची पकड आणि फूटरेस्ट नियमानेच गाडीला असावे लागतात, त्यांचे वेगळे पैसे कसले? हेल्मेट आयएसआय खुणेचंच घ्या. क्रॅश गार्ड, सीट कव्हर, टाकीचं कव्हर नको असेल तर नको म्हणा. हवंच असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दर विचारून या. टेफ्लॉन कोटिंग नव्या रंगावर कशाला करायचं, हे आम्हाला कधी कळलं नाही.

वाढीव वॉरंटी बहुधा नंतरही घेता येते, मुदत विचारून ठेवा. एवढं झाल्यावर तुमचा आकडा १,२१,००० च्या आसपास बसायला हवा. दोन-तीन डीलरांकडून याच ओळींचं लेखी कोटेशन घ्या आणि तुलना फक्त शेवटच्या बेरजेची करा. एकजण हँडलिंग सोडतो आणि विम्यात वसूल करतो.

प्रश्न : ठाण्याच्या डीलरकडे स्वस्त पडतंय, पण मी मुलुंडचा. नंबर एमएच ०४ आला तर अडचण? – एक वाचक

उत्तर : नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही आरटीओत नोंदणी करता येते आणि कर राज्यभर एकच. फक्त पत्ता आधारशी जुळवून घ्या.

प्रश्न : दसऱ्यालाच गाडी हवी, पण त्या दिवसांत कुणी सूट देत नाही. काय करावं? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : पितृपक्षात जा. शोरूम रिकामं असतं आणि महिन्याचं टार्गेट डोक्यावर असतं. तेव्हाच भाव ठरवून, लेखी घेऊन बुकिंग करा आणि गाडी दसऱ्याला घ्या. मात्र नंबर पडल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. ‘पूजा करून न्या, नंबर चार दिवसांत’ हे त्या दिवशी सर्रास चालतं, पण नोंदणीशिवाय गाडी देणं नियमात बसत नाही आणि वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी तेच बोट दाखवते. डिसेंबरअखेर घेतलेली गाडी विकताना वर्षभर जुनी धरली जाते. पण दहा वर्षं वापरणार असाल तर जानेवारीत शिल्लक राहिलेली मागच्या सालची गाडी सूट मागून खुशाल घ्या.

प्रश्न : रोख देतो म्हटल्यावर डीलरचा चेहरा उतरला. कर्ज घ्या, ९ टक्केच आहे म्हणाला. – एक वाचक, लालबाग

उत्तर : डीलरला फायनान्स कंपनीकडून कमिशन मिळतं, म्हणून. ते ९ टक्के ‘फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, आहेत का, विचारा. ८०,००० तीन वर्षांसाठी घेतले तर व्याज २१,६०० आणि हप्ता २,८२२. घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर धरला, तर हाच दर १६ टक्क्यांच्या वर जातो. बँकेचा दर घटत्या शिलकीवरचा असतो, तुलना त्याच्याशी करा. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकारही विचारा. रोखीने द्यायचं म्हणजे नोटा नव्हेत, डीलरच्या फर्मच्या नावे चेक किंवा ऑनलाइन. सेल्समनच्या खात्यावर एक पैसाही नको.

प्रश्न : गाडी घेताना काय तपासू? – एक वाचक, परळ

उत्तर : फॉर्म २१ (डीलरचं विक्री प्रमाणपत्र) वर उत्पादनाचा महिना आणि साल असतं. चासी नंबर गाडीवरून स्वतः वाचा आणि बिल, पॉलिसी, फॉर्म २१ यांच्याशी ताडून पाहा. टायरवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल सांगतात. गाडीच्या महिन्यापेक्षा टायर फार जुना असेल तर बदलून मागा. बिलात कोटेशनबाहेरची ओळ दिसली तर पैसे देण्याआधीच हरकत घ्या. डीलर ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, त्यासाठी ते लेखी कोटेशन जपून ठेवा.