मोल्डर मिळत नाही, हे आकड्यात कसं मांडायचं?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. आजूबाजूच्या फाउंड्रीवाल्यांना (ओतकामवाल्यांना) मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा करणारा, मिळत नाही, आमच्याकडे सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर टिकत नाही आणि इथली आयटीआयची पोरं पुण्याला चाललीत. आम्ही काही जणांनी मिळून आयटीआयला जादा बॅच मागितली तर आकडेवारी आणा म्हणाले. ती कुठून आणायची?
– एक वाचक, ता. हातकणंगले

उत्तर: आयटीआयने आकडेवारी मागितली ते बरोबरच आहे, नुसत्या तक्रारीवर कोणी निदेशक आणि मशीन मंजूर करत नाही. पण तयार आकडा शोधत बसू नका. २०११ नंतरची जनगणना रखडली. केंद्राची पीएलएफएस ही रोजगार-बेरोजगारीची पाहणी २०१७ पासून चालू आहे, २०२५ पासून दर महिन्याला आकडे येतात, पण ते अख्ख्या देशाचे, त्यातून शिरोलीत किती मोल्डर कमी पडतात हे कळणार नाही. ई-श्रम या केंद्राच्या पोर्टलवर असंघटित कामगारांची नोंद असते, पीएफवाले त्यात नाहीत. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा जास्त कामगार असलेल्यांना दर तिमाहीला ईआर-१ हे कामगारांच्या आकड्यांचं विवरणपत्र भरायला लावलं होतं, म्हणजे आठ-दहा माणसांची शेड त्यातून बाहेरच, आणि खरी ओढाताण तर तिथंच चाललेली असते.

मग तुम्हीच मोजा. एक पानाचा फॉर्म पुरे. कुशल-अकुशल असं मोघम विचारू नका, मोल्डर, कोअर मेकर (साच्यातला आतला गाभा करणारा), फेटलिंगवाला (ओतीव माल घासून साफ करणारा), व्हीएमसी सेटर (सीएनसी मशीन कामाला लावून देणारा) असं एकेक काम घ्या आणि प्रत्येकात आज किती माणसं आहेत, किती जागा किती महिन्यांपासून रिकाम्या, वर्षात किती सोडून गेले, पन्नाशीपुढचे किती ते लिहा. आणि पगार विचाराच, मालकांना हा प्रश्न आवडत नाही तरी विचारा, कारण बऱ्याच वेळा माणूस असतो पण त्या पैशात बारा तास भट्टीजवळ उभा राहायला तयार नसतो, तिथं नवीन बॅच काढून काय होणार, ती पोरंही पुण्यालाच जातील.

म्हणूनच कामगारांनाही विचारा, मालकासमोर नको, चहाच्या टपरीवर विचारा. बिहार-यूपीहून आलेल्यांना वगळू नका. नाव, आधार काही घेऊ नका, नाहीतर कोणी खरं बोलणार नाही.

सोबत आयटीआयकडून कुठल्या ट्रेडच्या किती जागा रिकाम्या राहतात ते घ्या. मग हे सगळं आयटीआयच्या व्यवस्थापन समितीपुढे ठेवा, तिच्यावर उद्योगांचे लोक असतात, आणि एक प्रत जिल्हा कौशल्य विकास केंद्रात द्या. सहा महिन्यांनी तोच फॉर्म परत भरून घ्या.