आईला ओल्या प्रकारचा मॅक्युलर डीजनरेशन (डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी गळक्या रक्तवाहिन्यांमुळे पाणी साचून नजर कमी होण्याचा आजार) आहे. महागड्या ल्युसेंटिसऐवजी अवास्टिनचं इंजेक्शन चालेल का?

हो, नजर टिकवण्यात अवास्टिन ल्युसेंटिसच्या तोडीचं आहे. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या निधीतून झालेल्या ‘कॅट’ चाचणीत सुमारे १२०० रुग्णांवर दोन्हींची थेट तुलना झाली. २०११ च्या निकालानुसार दरमहा इंजेक्शन घेणाऱ्यांची दृष्टी वर्षभरानंतर दोन्ही गटांत सारखीच सुधारली होती. पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी स्कॅनमध्ये ल्युसेंटिसने पडद्यातलं पाणी थोडं जास्त सुकलेलं दिसलं, पण तक्त्यावरची अक्षरं वाचण्यात तो फरक उतरला नाही. मात्र अवास्टिन मुळात कर्करोगाचं औषध. मोठ्या कुपीतून छोट्या सिरिंजमध्ये भरावं लागतं. तिथे निर्जंतुकता ढिली पडली तर डोळ्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून ते कुठे आणि कसं भरतात हे डॉक्टरांना विचाराच. (कोरड्या प्रकारात दोन्ही निरुपयोगी.)