मिशिगनमधल्या आमच्या रानात हरणांसाठी हिंज कटिंग स्वतः करता येईल का?

येईल, पण झाडं नीट निवडून. यात झाड पूर्ण तोडत नाहीत. बुंध्याला तिरका काप देऊन आडवं पाडतात. एका बाजूची साल आणि लाकडाची पट्टी शाबूत राहिली, की आडवा शेंडा पुढेही फुटत राहतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणांना तोंडाशी कोवळा पाला मिळतो, बसायला आडोसा होतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये 4 ते 6 इंच जाडीचे रेड मेपल किंवा एल्म घ्या. कंबरेच्या उंचीवर दोन तृतीयांशापर्यंत हळूहळू कापा आणि झाड झुकू लागलं की थांबून हाताने ढकला. ओक राखा, त्याची फळं हरणांना फार लागतात.

खरा धोका जाड किंवा ताणाखाली झुकलेल्या झाडांचा. काप अर्धवट असतानाच बुंधा उभा चिरतो आणि मागे उसळतो. यात माणसं दगावली आहेत. ॲशचं झाड तर पटकन चिरतं, त्याच्या वाटेला जाऊच नका. हेल्मेट, चेनसॉचे चॅप्स (करवतीपासून पाय वाचवणारी जाड आवरणं) घाला, एकट्याने जाऊ नका आणि खांद्याच्या वर करवत कधीही नेऊ नका.

रानात बकथॉर्न (बाहेरून आलेलं, झपाट्याने पसरणारं झुडूप) असेल तर आधी तो काढा. झाडं पाडल्यावर ऊन मिळालं की तोच सगळीकडे माजतो.