मेपल सिरप कुठे परवडते, कुठे नाही? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कॅनडात, ऑन्टारिओमधील मिसिसागा येथे घरगुती व्यवसाय करते. ग्रॅनोला (ओट्स आणि सुकामेवा भट्टीत भाजून केलेला नाश्त्याचा पदार्थ), शेंगदाण्याची चिक्की आणि सणावारी श्रीखंड हे माझे मुख्य पदार्थ. येथील शनिवारच्या बाजारात आजूबाजूचे बहुतेक विक्रेते ‘साखर नाही, फक्त शुद्ध मेपल सिरप’ अशी पाटी लावतात. साखरेच्या मानाने ते कित्येक पट महाग पडते. मी ते वापरावे का, आणि वापरल्यास कोणत्या पदार्थात?
– एक वाचक, मिसिसागा

उत्तर : ग्रॅनोलात अवश्य वापरावे, श्रीखंडात जपून, आणि चिक्कीच्या वाटेला मात्र जाऊ नये. तिन्ही पदार्थांना गोडी लागते हे खरे, परंतु मेपल सिरपसाठी आपण जे जादा पैसे मोजतो ते गोडीचे नसतात, चवीचे असतात. त्यामुळे ती चव शेवटपर्यंत टिकून गिऱ्हाइकाच्या जिभेपर्यंत पोहोचणार असेल तरच हा खर्च करण्यात अर्थ आहे.

मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेला हा पाक महाग का, हे गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला चटकन समजेल. उसाच्या रसात साधारण १८ ते २० टक्के साखर असते, म्हणून साडेचार लिटरच्या आसपास रस आटवला की लिटरभर काकवी पदरात पडते. शुगर मेपलच्या झाडातून ठिबकणाऱ्या रसात साखर असते ती जेमतेम २ टक्के; तो दिसायला पाण्यासारखा आणि चवीला पाण्याहून किंचित गोड. एक लिटर सिरपसाठी असा ४० लिटर रस आटवावा लागतो. शिवाय हा रस वर्षभर मिळत नाही. फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत, रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर अशी हवा असते तेवढ्याच काही आठवड्यांत तो वाहतो, आणि झाडाला पालवी फुटू लागली की त्याची चव बिघडून हंगाम संपतो. आता बहुतेक मोठे उत्पादक रसातले बरेचसे पाणी रिव्हर्स ऑस्मोसिसच्या यंत्राने आधीच काढून इंधन वाचवतात. तरीही शेवटची उकळी चुकत नाही, कारण मेपलची ओळखीची चव आणि रंग त्या उकळीतच तयार होतात. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश वर, म्हणजे समुद्रसपाटीला १०४ अंश सेल्सिअसच्या जवळ, सिरप तयार होते. जुने कारागीर पळीतून ते ओघळू देतात. थेंब सुटे न पडता एकमेकांना धरून पळीच्या काठावर पडद्यासारखे लोंबले, की भांडे उतरवायचे. आपल्याकडचा गुळव्या काहिलीपाशी बसून हेच तर करतो.

आता प्रतीविषयी, कारण येथे नवा व्यावसायिक हमखास फसतो. किरकोळ विक्रीचे सिरप ‘ए’ याच श्रेणीचे असते आणि रंगानुसार त्याचे चार वर्ग पडतात : सोनेरी, अंबर, गडद आणि अतिगडद. हंगामाच्या सुरुवातीचे सिरप फिकट आणि नाजूक चवीचे असते. पुढे हवा तापते, रसातले सूक्ष्मजीव काही सुक्रोजचे, म्हणजे नेहमीच्या साखरेचे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करून टाकतात, आणि या शर्करा उकळताना अधिक लवकर तांबूस होत असल्यामुळे पाक गडद व चवीला दणकट होतो. सोनेरी बाटली दिसायला सुंदर असते, परंतु ओट्स, बदाम आणि दालचिनी यांच्या गर्दीत तिची चव हरवून जाते. आपण गडद किंवा अतिगडद सिरप घ्यावे. भेट देण्याची बाटली आणि भट्टीत घालण्याची बाटली एकच असण्याचे कारण नाही.

यानंतरचा हिशेब पाण्याचा. कॅनडाच्या नियमांनुसार मेपल सिरपमधील विद्राव्य घनपदार्थ, म्हणजे मुख्यतः विरघळलेली साखर, ६६ टक्क्यांहून कमी आणि ६८.९ टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. याचा व्यवहारी अर्थ असा, की १०० ग्रॅम साखरेच्या जागी सुमारे १५० ग्रॅम सिरप घ्यावे लागते आणि त्याच्याबरोबर ५० ग्रॅम पाणी पाककृतीत शिरते. ग्रॅनोलाला हे पाणी मानवते. ते ओट्सना सारखे माखते, भट्टीत उडून जाते आणि मागे उरलेली साखर दाण्यांना धरून ठेवते. फक्त भट्टीचे तापमान १० ते १५ अंशांनी उतरवावे, नाहीतर कडा करपतात.

श्रीखंडाचे गणित मात्र वेगळे आहे. एक किलो चक्क्याला पाऊण किलो साखर धरली, तर तितक्याच गोडीसाठी सव्वा अकराशे ग्रॅम सिरप ओतावे लागेल, आणि त्यातून पावणेचारशे ग्रॅम पाणी चक्क्यात जाईल. ते श्रीखंड राहणार नाही, पीयूष होईल. म्हणून साखरेचा पाचवा हिस्साच सिरपने बदलावा आणि चक्का नेहमीपेक्षा जास्त वेळ टांगून घट्ट करावा, किंवा सिरप आणखी आटवून केलेली दाणेदार मेपल साखर वापरावी. ती महाग आहे, पण चक्का पातळ करत नाही. चिक्कीचा पाक १५० अंशांच्या घरात न्यावा लागतो, आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या खमंगपणापुढे मेपलचा सूर ऐकूही येत नाही. तेथे गुळाला तोड नाही.

पाटीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. मेपल सिरप ही साखरच आहे, बहुतांशी सुक्रोज. एका मोठ्या चमच्यात सुमारे ५२ कॅलरी आणि १२ ग्रॅम शर्करा असते. त्यात मँगनीज आणि रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) चांगल्या प्रमाणात असते हे खरे, परंतु मँगनीजसाठी कोणी सिरप प्यावे असे मी सुचवणार नाही. त्यामुळे ‘साखर नाही’ ही शेजाऱ्यांची पाटी आपण लावू नये. ‘साखरेऐवजी मेपल सिरप’ एवढे पुरेसे आणि खरे आहे. व्यवसायाच्या दृष्टीने सिरपचा मोठा लाभ घटकांच्या यादीत दिसतो. कॅनडात मेपल सिरप हे नाव केवळ मेपलचा रस आटवून केलेल्या पाकालाच लावता येते, त्यामुळे यादीत येणारे हे नाव गिऱ्हाइकाला घरच्यासारखे परिचित असते.

पुरवठ्याची धास्तीही फारशी नको. कॅनडाच्या उत्पादनातील सुमारे ९० टक्के वाटा क्वेबेक प्रांताचा असतो, आणि वाईट हंगामाची तजवीज म्हणून तेथील उत्पादकांच्या संघटनेने २००० सालापासून पिंपांत भरलेल्या सिरपचा राखीव साठा ठेवला आहे. २०२१ साली उत्पादन घसरले आणि मागणी वाढली, तेव्हा या साठ्यातून सुमारे ५ कोटी पौंड सिरप बाजारात सोडले गेले. (याच साठ्यातून २०११-१२ मध्ये सुमारे ३,००० टन सिरप चोरीला गेले आणि काही पिंपांत चक्क पाणी भरून ठेवले होते, हे वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी त्याची किंमतही वाचावी : १ कोटी ८० लाख कॅनेडियन डॉलरहून अधिक.)

प्रश्न : पुण्यात माझे छोटे कॅफे आहे. पॅनकेकबरोबर देण्यासाठी घाऊक दुकानदार जे ‘मेपल’ देतो ते आयात सिरपच्या मानाने फारच स्वस्त आहे. ते खरे असेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : बाटली उलटी करून घटकांची यादी वाचावी. शुद्ध सिरपच्या यादीत एकच नाव असते. कॉर्न सिरप किंवा साखरेचा पाक, रंग आणि स्वाद अशी रांग दिसली, तर ते मेपलच्या वासाचे पॅनकेक सिरप आहे. ते विकणे गैर नाही, परंतु मेन्यूवर ‘मेपल सिरप’ असे छापून विकणे गैर आहे.

हा वास कोठून येतो, हे मराठी स्वयंपाकघराला सांगण्याजोगे आहे. मेथीच्या दाण्यांत सोटोलोन नावाचे संयुग असते, त्याचा गंध मेपल सिरपच्या गंधाशी विलक्षण जुळतो, आणि नकली मेपल स्वादासाठी मेथीचा अर्क वापरला जातो. न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून अधूनमधून सगळ्या शहरभर मेपल सिरपचा वास पसरत असे आणि लोक घाबरून पालिकेला फोन करत. २००९ मध्ये छडा लागला, तेव्हा तो न्यू जर्सीतील एका कारखान्यात मेथीदाण्यांवर होणाऱ्या प्रक्रियेचा निघाला. मेथीच्या लाडवांचा घाणा पडतो त्या दिवशी घरभर दरवळणारा वास आठवावा, म्हणजे यात नवल वाटणार नाही.

आयात सिरप परवडत नसेल, तर माझे मत विचाराल तर नकली मेपलपेक्षा पॅनकेकवर कोल्हापूरकडची चांगली काकवी वाढावी आणि मेन्यूवर तसेच छापावे. तिची चव वेगळी आहे, पण खोटी नाही.

प्रश्न : आमच्याकडे व्हीगन (दूध-मधासह प्राणिजन्य काहीही न खाणारे) गिऱ्हाईक वाढले आहे, म्हणून मधाऐवजी मेपल सिरप सुरू केले. दोन प्रश्न आहेत. ते पूर्णपणे वनस्पतिजन्य असते का? आणि मध वर्षभर टिकतो, मग सिरपच्या उघड्या डब्यावर बुरशी का धरली?
– एक वाचक, पणजी

उत्तर : रस झाडाचा असतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘होय’. मात्र उकळताना वर आलेला फेस बसवण्यासाठी स्निग्ध पदार्थाचा एखादा थेंब टाकण्याची पद्धत आहे, आणि पूर्वी त्यासाठी लोणी किंवा सायही चाले. आता बहुधा वनस्पती तेल वापरतात. तरीही आपण व्हीगन असे लिहून विकत असाल, तर पुरवठादाराकडून याची लेखी खात्री घ्यावी.

बुरशीचे कारण पुन्हा पाणीच. मधात ते साधारण १८ टक्के असते, सिरपमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास, शिवाय मधाइतका आंबटपणाही त्यात नसतो. कारखान्यात सिरप ८२ अंशांहून अधिक गरम असताना भरून झाकण लावतात, म्हणून बंद डबा टिकतो. झाकण उघडले की ते संरक्षण संपते, आणि पणजीच्या दमट हवेत तर फारच लवकर. मोठा डबा आणल्याबरोबर लहान बाटल्यांत गरम भरून घ्यावा, उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, आणि ओला चमचा आत जाऊ देऊ नये. बुरशी धरलेला डबा गाळून पुन्हा उकळण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल; घरी काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, पण विक्रीच्या पदार्थात तो वापरू नये.