निळी टिक आली, उत्तर नाही

‘मेसेज वाचलाय, निळी टिक आलीय, ऑनलाइनही दिसतोय. मग उत्तर का देत नाही? त्याचं मन दुसरीकडं आहे का?’ माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या, साखरपुडा झालेल्या मुली हे हल्ली फार विचारतात. मुलगेही विचारतात, जरा उशिरानं.

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतली एक मुलगी होणाऱ्या नवऱ्याला घेऊनच आली. ओळख पटेल असे तपशील इथं बदललेत. तो गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर, बहुतेक सेकंड शिफ्टला. तिच्या हट्टापायी कामावर जाताना रोज आठ तासांचं लाइव्ह लोकेशन पाठवायचा.

“मशीन चालू असताना फोन हातात घेता येत नाही ओ मॅडम. सुट्टीत उघडला की आधी सुपरवायझरचा ग्रुप बघायचा. तेवढ्यात हिला मी ऑनलाइन दिसतो, की झालं भांडण सुरू.”

मी तिला विचारलं, तो कंपनीतच आहे असं दिसलं की बरं वाटतं?

“वाटतं की. अर्धा तास. मग परत बघावंसं वाटतं.”

मला तो अर्धा तासच महत्त्वाचा वाटला. तपासून मिळालेला दिलासा टिकत नाही. उलट दर खेपेला तपासायची सवय पक्की होते. आणि ‘ऑनलाइन’ म्हणजे एवढंच की त्या क्षणी व्हॉट्सअ‍ॅप उघडं आहे. कुणासाठी, कशासाठी, ते त्यातून कळत नाही.

तिच्याशी एकटीशी बोलले तेव्हा कळलं, आधी ठरलेलं एक लग्न मोडलं होतं. त्या मुलानं आधी उत्तरं कमी केली, मग मध्यस्थाकरवी नकार आला. होणाऱ्या नवऱ्याला ते लग्न मोडल्याचं माहीत होतं; ती धास्ती अजून गेलेली नाही, हे माहीत नव्हतं. त्याच्या कानावर रोज ‘कुठं होतास, कुणाशी बोलत होतास’ एवढंच पडायचं. पुढच्या भेटीत तिनं त्याला ते रडतरडत सांगितलं. तो म्हणाला, “आधी सांगायचंस की गं.”

लोकेशन बंद झालं. जेवणाच्या सुट्टीत एक फोन ठरला, जमणार नसेल तर घरातून निघतानाच सांगायचं. पहिला आठवडा तिला फार जड गेला.

मात्र लोकेशन, पासवर्ड दिला नाही म्हणून कुणी लग्न मोडायची धमकी देत असेल, हात उगारत असेल, तर हा सल्ला तिथं लागू नाही. तिथं घरच्यांना सांगा, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.