वाचकांचे प्रश्न : घुबड जवळून पाहताना

प्रश्न : मी जुळे सोलापूर भागात राहतो. नुकतीच लांब पल्ल्याची लेन्स घेतली असून घुबडाचे जवळून छायाचित्र काढण्याची इच्छा आहे. त्यासाठी कोठे जावे आणि पक्ष्याच्या किती जवळ जाता येते?

उत्तर : सुरुवात घराजवळच्या जुन्या वडाकडुलिंबापासून करावी, कारण जेमतेम २१ सेंटीमीटर लांबीचा पिंगळा वस्तीतच, झाडाच्या ढोलीत किंवा पडक्या भिंतीच्या कपारीत राहतो आणि पुरता अंधार पडण्याआधीच बाहेर येऊन बसतो. दिवसा त्याचा ठावठिकाणा बहुधा इतर पक्षीच सांगतात. कोतवाल, बुलबुल आणि साळुंक्या एकाच फांदीभोवती कलकलाट करत असतील, तर तेथे दुर्बीण लावून पाहावे. गव्हाणी घुबड पडीक इमारतींत आणि गोदामांत राहते. त्याच्या बसण्याच्या जागेखाली उंदरांची हाडे व केस असलेल्या गुठळ्या पडलेल्या असतात, कारण सावज अख्खे गिळल्यावर न पचलेला भाग ते ओकून टाकते. शृंगी घुबडासाठी मात्र गावाबाहेरच्या नाल्यांच्या मुरमाड कडा आणि जुन्या दगडखाणी धुंडाळाव्या लागतात. कड्यावरचे विष्ठेचे पांढरे ओघळ ही तेथील खूण होय. नान्नजच्या माळरानाचा मोह होणे साहजिक आहे, परंतु ते १९७९ पासून मालढोक अभयारण्य असल्यामुळे वन विभागाच्या परवानगीशिवाय तेथे जाऊ नये.

किती जवळ जावे, हे फुटांत सांगण्यात अर्थ नाही. ते घुबडालाच ठरवू द्यावे. डोळे अर्धवट मिटलेले आणि पिसे सैल असतील तोवर ते निवांत आहे असे समजावे. अंग आक्रसून ते काठीसारखे ताठ झाले, शृंगी घुबडाची शिंगे उभी राहिली किंवा पिंगळा डोके खालीवर करत डोळे वटारू लागला, की तेथेच थांबून दोन पावले मागे यावे. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत; त्याऐवजी मानेत १४ मणके असल्याने ते मान सुमारे २७० अंशांपर्यंत वळवते, त्यामुळे पाठीमागून गाठण्याचा बेत सहसा फसतो. सरळ चालून जाण्यापेक्षा रस्त्याकडेला गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून, खिडकीतूनच छायाचित्र घेणे अधिक फलदायी ठरते. बसलेला पिंगळा बराच वेळ हलत नाही, म्हणून लेन्स टेकवून ठेवली तर संध्याकाळच्या उजेडात शटरचा वेग १/१२५ सेकंदापर्यंत खाली आणूनही चित्र स्पष्ट येऊ शकते.

प्रश्न : रात्री फ्लॅश वापरावा का? मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवून त्याला बोलावले तर चालेल का?

उत्तर : दोन्ही टाळावे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकाएकी प्रखर प्रकाश पडला, तर ऐन शिकारीच्या वेळी पक्षी बिथरतो. आवाज ऐकून नर धावून येतो, तो आपल्या हद्दीत परका शिरला या समजुतीने. विणीच्या काळात असे वारंवार केल्यास शिकारीचा आणि पिल्लांना भरवण्याचा वेळ त्यात वाया जातो. अशा छायाचित्रांचे कौतुक करणे, आमच्या मते, छायाचित्रकारांनीच थांबवायला हवे.

प्रश्न : आमच्या शेतालगतच्या खाणीत शृंगी घुबडाची पिल्ले जमिनीवर दिसली. ती घरट्यातून पडली असावीत. उचलून घरी आणावीत का?

उत्तर : मुळीच आणू नयेत. शृंगी घुबड काटक्यांचे घरटे बांधत नाही. कड्याच्या कपारीत किंवा झुडपाखाली जमिनीवरच अंडी घालते, आणि पिल्ले उडता येण्याआधीच चालत आसपास भटकू लागतात. मोठे घुबड जखमी झाल्यासारखे लंगडत समोर आले, तर तेही आपले लक्ष पिल्लांपासून हटवण्यासाठी असू शकते. अशा वेळी तेथून निघून जावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घुबडांना संरक्षण असून त्यांची अंडी वा घरटे छेडणे हाही गुन्हा ठरतो. छायाचित्र दुरून घेतले तरी जागेचे नाव समाजमाध्यमांवर देऊ नये, कारण करणी-तोडग्यांसाठी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, घुबडे पकडणारे लोक आजही आहेत. पिल्लू खरोखर जखमी असेल, तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.